सुमनताईंची मंडळी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नाच्या बैठकीत काय काम करता म्हणून विचारलं, तर तो 'पाणी खात्यात' असं सांगून विषय बदलतो. मीही तसंच करायचो. सुमनताई मात्र सरळ सांगायच्या. "कोल्हापूरचं मैलापाणी येतंय की आमच्याकडं, ते आम्ही साफ करतो," असं भर पंगतीत, आवाज जराही खाली न आणता. पुढच्या माणसाचा घास हातात थांबला, तर त्यालाच म्हणायच्या, "जेवा जेवा. उद्या ते पण येणार हाय माझ्याकडंच."

कोल्हापुरातल्या बायकांसारखं त्या 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायच्या. मूळच्या नेसरीच्या. पुढं शहरात येऊन रसायनशास्त्र शिकल्या आणि आमच्या केंद्रावर केमिस्ट म्हणून लागल्या. केंद्र शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून. ते चालवायचं काम एका खाजगी कंपनीकडं होतं. मी त्याआधी उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत मीटर आणि वायरिंगची कामं करत होतो. केंद्रात नवे सेन्सर बसवायचे ठरले, तेव्हा माझी नेमणूक झाली.

मला वाटलं होतं, एवढी वर्षं हातानं नमुने काढून तपासणाऱ्या या बाई सेन्सरचं नाव काढलं की नाक मुरडतील. पहिल्याच दिवशी मी ऑक्सिजनचा सेन्सर टाकीवर बसवून खाली उतरलो, तर त्या पदर खोचून, पायात जाडजूड बूट घालून समोर उभ्या.

"काढा तो परत," म्हणाल्या.

"का? नीट बसलाय की."

"बसलाय हो. पण खरं बोलतोय का ते बघाय नको?"

मग त्यांनी तो सेन्सर आधी नळाच्या पाण्यात धरायला लावला, मग गाळाच्या बादलीत, मग टाकीत चार वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येक आकडा वहीत लिहिला आणि शेजारी त्यांच्या बाटलीतल्या तपासणीचा आकडा. दुपारपर्यंत माझा घामटा निघाला. शेवटी वही मिटून म्हणाल्या, "चांगला हाय. ठेवून घेऊया." जावई पसंत पडावा तशा.

आमच्या केंद्रात काय चालायचं ते थोडक्यात सांगतो. शहरातून आलेलं घाण पाणी मोठ्या टाकीत सोडायचं. त्या टाकीत जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे, अब्जावधी. ते पाण्यातली घाण खातात. त्यांना श्वास घ्यायला हवा लागते, ती खालून ब्लोअरनं सोडायची. सेन्सर पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते मोजतो. कमी पडला की ब्लोअर आपोआप वाढतो, जास्त झाला की मंदावतो. सुमनताई त्या जिवाणूंना 'मंडळी' म्हणायच्या. सकाळी आठला गेटातून आत आल्या की दत्तू ऑपरेटरला त्यांचा पहिला प्रश्न, "मंडळी जेवली का?" दत्तू स्क्रीन बघून आकडा सांगायचा. "दोन पॉइंट एक, ताई." "झ्याक," असं म्हणून त्या पर्स ठेवायला जायच्या.

पण नुसत्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसायचा. रोज त्या स्वतः टाकीवरच्या पुलावर जायच्या, सेन्सर वर ओढायच्या आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं त्याचं टोक पुसायच्या. चोवीस तासांत त्यावर बुळबुळीत साका धरायचा, केस गुंडाळायचे. मी म्हटलं, "ताई, हे माझं काम आहे. मी आठवड्यातून एकदा करतो की." त्यावर म्हणाल्या, "आठवड्यातनं एकदा तोंड धुता काय तुम्ही?" दुसऱ्या दिवसापासून मीही फडकं घेऊन जायला लागलो.

कुणी बघायला आलं की नाकाला रुमाल लावूनच यायचं. ताई त्यांना आधी प्रयोगशाळेत न्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवायच्या. तिथं देठावर बसलेल्या घंटेसारखे जीव आत-बाहेर व्हायचे, पारदर्शक किडे तुरुतुरु पळायचे. बघणाऱ्याचा हात हळूहळू खाली यायचा, रुमाल विसरला जायचा. एकदा कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी बराच वेळ बघून विचारलं, "हे सगळं आमच्या संडासातून आलं?" ताई म्हणाल्या, "तुमच्याकडनं घाण आली. हे आम्ही सांभाळल्यात."

त्यांचा आवाज मोठा होता, पण त्या चिडलेल्या मी फार वेळा पाहिल्या नाहीत. ज्या दिवशी सगळ्यात जास्त चिडल्या त्या दिवशी आवाज चढलाच नाही.

पंपाच्या खोल विहिरीत चिंध्या अडकून पंप बंद पडला होता. विहिरीच्या तोंडाशी विषारी वायूचा सेन्सर बसवलेला, तो सकाळपासून किंचाळत होता. गाळ ओढून घेणारं सक्शन मशीन बोलवायचं तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर अडकलेलं. मजूर पुरवणारा ठेकेदार दोन माणसं घेऊन आला. त्यांच्या हातात दोर आणि एक कोयता.

"अर्ध्या तासाचं काम हाय," ठेकेदार म्हणाला. "हे मशीन तर रोजच बोंबलतंय."

"रोज न्हाय बोंबलत," ताई म्हणाल्या. "आज बोंबलतंय."

"वायर काढा ओ त्याची, डोकं उठलंय," तो माझ्याकडं बघून म्हणाला.

मी काही बोलायच्या आत ताईंनी ऑफिसातली खुर्ची आणली. विहिरीचं लोखंडी झाकण पायानं सरकवून बसवलं, त्यावर खुर्ची ठेवली आणि त्या वर बसल्या. मांडीवर पर्स.

"ताई, असं काय करायलाईसा?" ठेकेदार हसायला लागला.

"मशीन आल्यावर उठतो."

"ते दुपारी येणार!"

"मग दुपारी उठतो."

ऊन चढलं. दत्तूनं छत्री आणून दिली. ठेकेदारानं कंपनीच्या साहेबांना फोन लावून दिला, तो ताईंनी घेतला, ऐकला, "व्हय साहेब, बसलोय साहेब," म्हणून परत दिला. ती दोन माणसं बाजूच्या झाडाखाली जाऊन बसली. त्यांना ताईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा पाठवून दिला. मशीन आलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

उठल्यावर त्यांचा पाय बधिर झाला होता. मी हात दिला. तेव्हा चालता चालता त्यांनी वडिलांचं सांगितलं, तेही एकदाच. नेसरीत जमीन नव्हती, म्हणून वडील शहरात आले, तेव्हा मिळालं ते गटारी साफ करायचं काम. एकदा चेंबरमध्ये दोघं उतरले. जोडीदार गेला. वडील वाचले, पण त्यांचं नाक कायमचं गेलं.

"चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली तरी समोर बसून राहायचे," ताई म्हणाल्या. "आई मेली त्या दिवशी तिचं लुगडं नाकाला लावून बसलेले. मला म्हणाले, सुमे, काय तरी वास येतोय काय गं हिचा? तूच सांग मला."

थोडं पुढं जाऊन म्हणाल्या, "जाधव, ती वायर तुम्ही काढली न्हाईसा, बरं केलासा."

खरं तर माझा हात खिशातल्या पक्कडीवर गेलेला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो तो सांगतो. थंडीचे दिवस होते. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आमचे मॅनेजर इनामदार साहेब कंट्रोल रूममध्ये आले आणि स्क्रीनकडं बघून खूश झाले. ऑक्सिजनचा आकडा पाचाच्या वर गेला होता. ब्लोअर अगदी खालच्या वेगावर. म्हणजे वीज कमी आणि ऑक्सिजन भरपूर.

"जाधव, तुमची सेटिंग जमली की!" साहेब म्हणाले. मीही फुललो. मागचे दोन महिने मी त्याच सेटिंगच्या मागं होतो.

सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी आकडा बघितला, मग ब्लोअरचा वेग बघितला.

"हवा तर कमी सोडायलोय," त्या म्हणाल्या. "मग एवढा ऑक्सिजन आला कुठनं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"आला न्हाय. उरलाय," त्या म्हणाल्या. "खाणारं कोण राहिलं न्हाय म्हणून उरलाय."

त्या पळतच पुलावर गेल्या, बाटली भरून आणली. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "बघा." मी बघितलं. रोज जिथं धावपळ असायची तिथं काही हलत नव्हतं. घंटा देठावरून गळून पडलेल्या.

आत येणाऱ्या पाण्यावर आम्लता मोजणारा सेन्सर होता; त्याचा आकडा जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्ल. त्याचा आलेख काढला, तर सकाळी साडेनऊला एक खोल खड्डा. पाणी एकाएकी जहाल आम्ल झालेलं, वीस मिनिटं, आणि पुन्हा पहिल्यासारखं. कुणीतरी कारखान्यातलं रसायन टँकरनं आणून वरच्या गटारीत सोडून दिलं होतं. सुमनताईंनी वहीची मागची पानं उलटली. तसेच लहान खड्डे त्यांनी आधी दोनदा टिपून ठेवले होते, तेही मंगळवारीच. त्यांनी ते साहेबांना दाखवलेही होते. साहेब म्हणाले होते, सेन्सर बिघडला असेल.

शहराचं पाणी काही थांबवता येत नाही. ते येतच राहतं. साफ करणारे जीव मेलेत म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत आमच्याकडून ते जवळजवळ जसंच्या तसं ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाणार होतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यावरही सेन्सर होता आणि त्याचा आकडा थेट सरकारी तपासणीच्या ऑफिसात दिसायचा. त्यावर अमोनिया, म्हणजे पाण्यात राहून गेलेल्या घाणीची खूण, चढायला लागला होता.

इनामदार साहेब वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि घाबरले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाधव, दोन दिवसांत सावरेल सगळं. तोवर तो बाहेरचा सेन्सर बादलीत ठेवा. स्वच्छ पाण्याची बादली. कुणाला कळणार नाही."

मी बादली घेतली, नळाखाली भरली आणि निघालो. हे लिहिताना आजही लाज वाटते. पण साहेबांनी सांगितलं आणि मी निघालो, हे खरं आहे.

पाणी बाहेर पडतं त्या पाटाच्या कडेला सुमनताई बसल्या होत्या, वहीत आकडा लिहीत. त्यांनी आधी बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता त्या मला काय काय बोलणार, याची मी मनाची तयारी केली.

त्या उठल्या. सेन्सर वर ओढला. माझ्या हातातली बादली घेतली, त्या पाण्यात फडकं बुडवून सेन्सरचं टोक स्वच्छ धुतलं, उरलेलं पाणी ओतून दिलं आणि सेन्सर पुन्हा पाटात सोडला.

"पाणी आणलंच हुतासा, तर धुऊन घेतला," म्हणाल्या. "आता बरोबर दाखवंल."

आकडा आणखी थोडा वर गेला. त्यांनी तो वहीत लिहिला, खाली सही केली आणि पेन माझ्यापुढं धरला. मीही सही केली. मला वाटतं, माझ्या नोकरीतली ती एकच सही, जी मला अजून डोळ्यांपुढं दिसते.

"गाडी हाय का?" त्यांनी विचारलं. "मला खालच्या गावाला सोडा."

खालचं गाव म्हणजे नदीच्या काठाला, आमच्या पुढं. तिथल्या नळाला नदीचंच पाणी. गावच्या पंपावर मारुती नावाचा माणूस असायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो संध्याकाळचं पाणी उपसायची तयारी करत होता.

"कुठलं पावणं?" त्यानं विचारलं.

"वरच्या केंद्रातनं आलोय. पंप चालू करू नका. तीन-चार दिवस नदीचं पाणी उचलू नका."

मारुतीनं नदीकडं बघितलं. "काय झालंय पाण्याला? रंग न्हाय, वास न्हाय."

"आज न्हाय. उद्या यील. आमच्या केंद्रात पाणी साफ हुईना झालंय."

"मग ब्लिचिंगची पावडर जास्त टाकतो की."

"त्या पावडरीला हे पाणी गिळून बसंल," ताई म्हणाल्या. "तुम्ही दुप्पट टाकली तरी पोरांच्या पोटात जायचं ते जाणारच. विहीर हाय न्हवं गावात? ती उपसा."

"गाव मला धरून मारंल, ताई. विहिरीचं पाणी निम्म्या गावाला पण पुरायचं न्हाय." मग त्यानं जरा निरखून विचारलं, "तुमच्या साहेबांनी सांगून पाठवलंय व्हय?"

इथं 'व्हय' म्हटलं असतं तर काम सोपं होतं.

"न्हाय," ताई म्हणाल्या. "साहेबांना माहीत न्हाय. मी सुमन कांबळे. कोण विचारलं तर माझं नाव सांगा." आणि मोबाइलवरचा आलेख त्याच्यापुढं धरला. "ही रेघ बघा. ही अशी वर चढायलीय. ही खाली आली की मी स्वतः येऊन सांगतो."

मारुती बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिला. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यानं स्विचवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी गावच्या बायकांनी रिकाम्या घागरी पंपघरापुढं मांडल्या आणि सरपंचांचा फोन इनामदार साहेबांना आला. साहेबांनी ताईंना बोलावून दार लावून घेतलं. आत काय झालं ते ताईंनी कधी सांगितलं नाही. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला, गावाला पाण्याचा टँकर लावूया."

पुढचे दिवस आम्ही सगळे राबलो. मेलेला गाळ उपसून काढला. एका दुधाच्या कारखान्याच्या केंद्रातून जिवंत गाळाचे टँकर आणून टाकीत सोडले. नव्या मंडळींना पहिल्यांदा पचेल असं काहीतरी हवं, म्हणून ताईंनी ओळखीच्या गुऱ्हाळावरून काकवीचे डबे मागवले. गाळाच्या वासात काकवीचा गोड वास मिसळला, तसा वास मी पुन्हा कधी घेतला नाही. दत्तू म्हणाला, "ताई, बोट घालून चाटू काय?" "चाट," ताई म्हणाल्या, "पण टाकीत सोडायच्या आधी."

रोज सकाळी आम्ही स्क्रीनपुढं जमायचो. सहा. सहा. पाच पॉइंट नऊ. ऑक्सिजनचा आकडा खाली यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले लोक मी तेव्हाच पाहिले. आठव्या दिवशी पाच. नवव्या दिवशी दुपारी दत्तू ओरडला, "उतरायलाय! ताई, उतरायलाय!" आम्ही धावलो. चार पॉइंट दोन. तीन पॉइंट आठ. ब्लोअरचा आवाज हळूहळू वाढायला लागला, तो आपोआप जास्त हवा सोडत होता, कारण खाली कुणीतरी ती मागत होतं. इनामदार साहेबही आले होते. ते मागं भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. दोनवर आकडा थांबला तेव्हा ताईंनी हात धुतले. डबा उघडला आणि तिथंच स्क्रीनपुढं बसून जेवल्या. त्या दिवसांत त्यांना पूर्ण डबा संपवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेरचा अमोनिया उतरायला आणखी तीन दिवस गेले. तोवर गावानं विहिरीवर आणि टँकरवर दिवस काढले. मग ताई सांगितल्याप्रमाणं स्वतः मारुतीकडं गेल्या.

तपासणीला अधिकारी आले, तेव्हा त्यांनी आधी वही मागितली. वहीतला आकडा आणि त्यांच्या ऑफिसातला आकडा ओळ न् ओळ जुळला. त्यांनी आम्लतेचे ते तीन खड्डे बघितले, वेळ लिहून घेतली, आणि पुढच्या मंगळवारी तो टँकर गटारीच्या तोंडावरच पकडला. आमच्या कंपनीला समज देऊन सोडलं. अधिकारी जाताना साहेबांना म्हणाले, "ही वही खोटी निघाली असती, तर आज केंद्राला कुलूप लागलं असतं."

तरी महिन्याभरात ताईंच्या बदलीचं पत्र आलं. वरिष्ठांना न विचारता बाहेरच्या गावाला माहिती दिली, असं त्यात नव्हतं. त्यात 'प्रशासकीय सोय' असं होतं. कंपनीनं गगनबावड्याला एका वसतिगृहाचं लहानसं नवीन केंद्र घेतलं होतं, तिथं जायचं. पाऊस धो धो, टाकी एवढीशी, आणि पाणी सतत पातळ होऊन मंडळी वाहून जाणार. तिथं आधी दोघांनी प्रयत्न करून नाद सोडला होता.

दत्तू भडकला. म्हणाला, "ताई, जाऊ नका. आम्ही सगळे सह्या करतो. मारुती गाव घेऊन येतो म्हणालाय." ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "तिथं सेन्सर हाय काय बघा की, जाधव." मी चौकशी केली. होता, पण बंद होता. "मग बसवून द्या," म्हणाल्या. एवढंच.

निरोपाला आम्ही शाल आणि नारळ आणला होता. इनामदार साहेब चार शब्द बोलायला उभे राहिले. ताईंनी त्यांना हातानं बसायला सांगितलं.

"साहेब, शाल ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला दोन बॅरल गाळ द्या. आपल्या टाकीतला."

साहेबांनी लगेच होकार दिला. टेम्पो आणला. दत्तूनं स्वतः पुलावर उभं राहून गाळ उपसला. तपकिरी, दाट, ओल्या मातीच्या वासाचा. वाटेत हवा न मिळता ते जीव मरू नयेत म्हणून मी माशांच्या काचपेटीला लावतात तसले दोन लहान पंप बॅटरीवर जोडून दिले. ड्रायव्हर पुढच्या सीटवर जागा करून ताईंची वाट बघत होता. ताई मागं चढल्या.

"ताई, पुढं बसा की!" मी म्हटलं.

"हितं बघायला कोण हाय मग?"

टेम्पो गगनबावड्याच्या रस्त्याला लागला. मी मोटरसायकलवरून शहराच्या हद्दीपर्यंत मागं गेलो. त्या दोन बॅरलच्या मधे बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट बांधलेला. हातात ऑक्सिजन मोजायचं हातमीटर आणि त्याची वायर बॅरलमध्ये सोडलेली. खड्डा आला की एका हातानं बॅरलचं झाकण दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हातातलं मीटर डोळ्यांजवळ न्यायच्या. मी हॉर्न वाजवला. त्यांनी वर बघितलं नाही. आकडा कमी आला असावा, कारण त्या वाकल्या, पंपाची नळी चाचपली आणि ती आणखी खोल सोडली. मग टेम्पो वळणावर उसाच्या आड गेला, तेव्हाही त्यांची मान खालीच होती.